'स्टॉप' म्हणणारा माणूस

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हा कोल्हापूरइतकाच आनंद नाशिकलाही झाला. कांबळवाडीचा हा मुलगा राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून नाशकात येऊन नेमबाजी शिकला. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेले भोसला मिलिटरी स्कूल आणि देवळालीचे तोफखाना विद्यालय यांमुळे बंदुकीशी या शहराचा परिचय जुनाच. आता पालक दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन एअर रायफलचा क्लास शोधू लागले आहेत. प्रशिक्षक कोण, रायफल कोणत्या बनावटीची, फी किती, हे सारे विचारले जाते. रेंज ऑफिसर कोण, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

वस्तुतः नेमबाजीत प्रशिक्षकापेक्षाही मोठा अधिकार या माणसाचा. 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड' एवढाच त्याचा शब्दसंग्रह. पण 'स्टॉप'नंतर परवानगीवाचून भरल्या बंदुकीला हात लावणारा खेळाडू, मग तो कितीही नामवंत असो, स्पर्धेतून बाद होऊ शकतो. लक्ष्याकडे कोणी गेलेले असताना शस्त्राला कोणीही स्पर्श करावयाचा नाही. खोलीतून निघतानाच नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग दिसला पाहिजे. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे. नियम इतके सोपे आहेत की सवयीने ते दिसेनासे होतात, आणि खरा धोका तेथेच आहे.

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती उझी ही स्वयंचलित बंदूक देण्यात आली. धक्क्याने नळी वर उसळली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक ठार झाला. तो अननुभवी नव्हता. शिकविणारा आणि सुरक्षा पाहणारा एकच होता, आणि शिकविणाऱ्याचे लक्ष मुलीच्या हातांवर होते. आपल्याकडे तर देवळालीतच १० ऑक्टोबर २०२४ रोजी सरावाच्या वेळी तोफगोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले. तोफ आणि छर्रा यांची तुलना करण्याचे कारण नाही. पण जेथे शिस्त हाडीमाशी भिनलेली आहे तेथेही अपघात होतात, तर शहरातल्या हॉलमध्ये केवळ 'मुले शहाणी आहेत' यावर किती विसंबायचे?

चांगला रेंज ऑफिसर दरडावणारा नसतो, हेही सांगितले पाहिजे. बंदूक अडली की नवखा मुलगा ओशाळतो, घाईने वळून मागच्याला दाखवू लागतो. वळताना नळीही वळते. त्याला पहिल्याच दिवशी सांगावे लागते: नळी समोर ठेव, हात वर कर, मी येतो. आणि मग खरोखरच ताबडतोब जावे लागते. मागच्या वेळी हात वर केल्यावर ओरडा खावा लागलेला मुलगा पुढच्या वेळी हात वर करीत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धोका दिसताच अधिकाऱ्यांना कळविणे हे खेळाडूचे कर्तव्यच आहे. पण बारा वर्षांचे मूल ते पाळील, तर ऐकणारा माणूस कसा आहे यावरच.

लहान क्लासला दोन माणसांचा पगार परवडत नाही, हे खरे. पण त्यावर उपाय आहे. जुन्या, वयाने मोठ्या नेमबाजांनी पाळीपाळीने रेषेमागे उभे राहावे, त्या तासात स्वतः बंदूक धरू नये, आणि त्यांच्या 'स्टॉप'पुढे प्रशिक्षकानेही गप्प बसावे. या शेवटच्या अटीलाच बहुतेक प्रशिक्षक नाखूश असतील. पालकांनी फी भरण्यापूर्वी नेमके तेवढेच विचारावे.