माल एकाचा, नुकसान दुसऱ्याचे

३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईस्ट पॅलेस्टाइन या छोट्या गावाजवळ नॉरफोक सदर्न कंपनीची मालगाडी घसरली. ३८ डबे रुळांवरून उतरले. त्यांपैकी ११ डब्यांत घातक रसायने होती, तर ५ टाक्यांत व्हिनाइल क्लोराइड. आपले हार्डवेअरवाले रोज विकतात, त्या पीव्हीसी पाइपाचा हा कच्चा माल.

निमित्त काय, तर एका चाकाचे तापलेले बेअरिंग! टाक्यांचा स्फोट होईल या भीतीने ६ फेब्रुवारीला त्या फोडून रसायन जाळण्यात आले. गावावर काळा धूर पसरला. हे जाळणे गरजेचे नव्हते, असा निष्कर्ष सरकारी तपास मंडळाने २०२४ मध्ये काढला. रसायन बनविणाऱ्यांचे मत निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोचलेच नव्हते.

रहिवासी व व्यावसायिकांच्या दाव्यांपोटी कंपनीने २०२४ मध्ये ६० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले, चूक मात्र कबूल केली नाही. पण गावाचे नाव एकदा धास्तीशी जोडले गेले की तुटलेले गिऱ्हाईक पैशाने परत येते काय?

आमचे म्हणणे साधे आहे. ज्याला नफा, त्याच्यावरच सुरक्षिततेचा खर्च आणि शेजाऱ्याला आधी सांगण्याची जबाबदारी. हा नियम रेल्वे कंपनीला लागू, तसा आपल्यालाही. थिनर, तेजाब, स्पिरिट बाळगणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांनी डब्यावर नाव लिहावे, साठा आगीपासून दूर ठेवावा आणि आत काय आहे हे शेजाऱ्याला सांगून ठेवावे. आग विझवायला येणाऱ्याला आधी तेच कळायला हवे.