सुईदोरा आणि सवड

ऑक्टोबरची ३१ तारीख अमेरिकेत ‘हॅलोवीन’ म्हणून पाळली जाते. त्या सायंकाळी मुले भुताखेतांची, प्राण्यांची, गोष्टींतील पात्रांची सोंगे घेऊन दारोदार हिंडतात आणि घरोघरी त्यांच्या पिशवीत गोळ्या-चॉकलेटे पडतात. ज्यांना अजून चालताही येत नाही अशा तान्ह्या मुलांनाही अलीकडे या खेळात सामील करून घेतले जाते. मूल आणि त्याची आई किंवा बाप यांनी मिळून एकच जोडसोंग घ्यावयाचे, आणि शक्य तर ते घरीच शिवावयाचे, अशी ही हौस आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीने असे एक छायाचित्र धाडले होते. ते कार्यालयात हातोहात फिरले. एका ज्येष्ठ साथींनी मात्र ‘पोट भरलेल्यांचे चाळे’ एवढाच शेरा मारून ते परत केले. तो शेरा मला पटला नाही. तो का पटला नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

छायाचित्रात आई कांगारू झाली होती आणि मूल तिच्या पोटाच्या पिशवीतले पिल्लू. सोंगाचे सारे साहित्य घरातलेच होते. जुना तपकिरी स्वेटर, त्यावर पोटाच्या जागी धावदोऱ्याने बसविलेला फिक्या रंगाचा लंबगोल तुकडा, विजारीच्या कापलेल्या पायात चिंध्या भरून केलेले शेपूट आणि जाड कापडाचे कान. मूल अंगाशी बांधण्याची नेहमीची झोळी वरून तपकिरी कापडाने मढविली की झाली पिशवी. मुलाच्या डोक्याला कानांची टोपी. तोंडावर मुखवटा नाही, गळ्याभोवती नाडी नाही, तोंडात जाईल असे बटण नाही. कारण तान्ह्याच्या सोंगात त्याचा श्वास मोकळा राहणे ही पहिली अट असते. दुसऱ्या एका घरात बाप पांढरा अंगरखा व उंच टोपी घालून आचारी होतो आणि तांबड्या कापडाच्या नांग्या लावलेले मूल शेवंड बनून त्याच्या हातातील पातेल्यात बसते. यात मोठी कला आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु दिवसभर दुसऱ्याच्या हिशेबाने राबणारा माणूस रात्री दिव्याखाली बसून स्वतःच्या मनाने, स्वतःच्या मुलासाठी काही घडवितो, यात निश्चितच काही आहे. श्रमिकाच्या श्रमाचे फळ त्यालाच परके होते, त्या स्थितीला आपण अभ्यासवर्गात परात्मता म्हणतो. या शिवणात ती क्षणभर तरी दूर होते.

हा सण मुळात बाजाराने निर्माण केलेला नाही. त्याची मुळे केल्टिक लोकांच्या ‘साविन’ या हंगामबदलाच्या उत्सवात आणि ख्रिस्ती संतदिनाच्या पूर्वसंध्येत आहेत. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड-स्कॉटलंडमधून पोटासाठी बाहेर पडलेल्या लोकांनी तो अमेरिकेत नेला. तेथे दीर्घकाळ सोंगे म्हणजे जुनी चादर, बापाचा फाटका कोट आणि तोंडाला काजळी एवढेच असे. १९३० नंतरच्या काळात ब्रुकलिनच्या बेन कूपरसारख्या कंपन्यांनी चित्रपटातील पात्रांचे हक्क घेऊन खोक्यातील तयार पोशाख विकावयास आरंभ केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हा व्यापार घरोघरी पोहोचला. २०२३ साली अमेरिकनांनी या एका सणावर १२ अब्ज डॉलरांहून अधिक खर्च केला, असा तेथील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचाच अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे ४ अब्ज पोशाखांवरचे. हे पोशाख बहुतांशी चीनमध्ये शिवलेले असतात. ते एका रात्रीपुरते घातले जातात आणि पुष्कळदा लगेच कचऱ्यात जातात.

ते शिवते कोण, हा प्रश्न समाजवाद्याने विचारलाच पाहिजे. मेरी ॲन वॉकली या वीस वर्षांच्या मुलीची हकीकत मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात नोंदविली आहे. १८६३ च्या जून महिन्यात, डेन्मार्कहून नुकत्याच आलेल्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ होणाऱ्या नृत्यसमारंभाचे पोशाख वेळेत व्हावेत म्हणून लंडनमधील एका शिवणगृहात ती साठ मुलींसह सलग साडेसव्वीस तास राबली आणि त्यानंतर मरण पावली. दुसऱ्यांच्या हौसेचे पोशाख शिवणाऱ्यांची ही कथा त्या शतकात संपली नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली मेली. त्यांत बहुसंख्य कपडे शिवणाऱ्या कामगार होत्या. ज्या आईने जुन्या स्वेटराचे कांगारू केले तिने जग बदलले नाही हे खरेच. पण निदान आपल्या एका रात्रीच्या हौसेसाठी तिने कोणाला अहोरात्र राबविले नाही.

ही गोष्ट आपल्याला अपरिचित वाटण्याचेही कारण नाही. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे तान्ह्याचे बोरन्हाण होते. त्याला काळे झबले शिवतात, हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद घालतात आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. पहिल्या संक्रांतीची सून काळ्या चंद्रकळेत हलव्याचे दागिने घालते, ते आईचे सोंगच म्हणा. हा हलवा मंद शेगडीवर, परातीत, तिळावर थेंबथेंब पाक चढवीत, बोटे भाजून घेत काटेरी करावा लागतो. तो करणाऱ्या आजीला कोणी पोट भरलेली म्हटले नाही. आज पुण्या-मुंबईच्या बाजारात बोरन्हाणाचा संच तयार मिळतो, आणि अमेरिकेतील मराठी घरांपर्यंतही तो पोहोचतो. चादरीच्या भुताचे जे झाले तेच हलव्याच्या मुकुटाचे होत आहे. तेव्हा परक्या सणाला हसण्यापूर्वी आपल्या घरात डोकावावे हे बरे.

तथापि हाताने केलेल्या वस्तूचे गुणगान करून थांबणे हा शुद्ध भाबडेपणा होईल. सुईदोऱ्याला पैसा थोडा लागतो, पण सवड फार लागते. आणि सवड ही आजच्या जगात सर्वांत विषम वाटली गेलेली संपत्ती आहे. ज्या देशात हे कांगारू शिवले गेले, त्या अमेरिकेत खासगी क्षेत्रातील बाळंतिणीला पगारी रजा देणारा संघराज्याचा कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा. तीही पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत, वर्षभर नोकरी झालेल्यांनाच. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी स्वतंत्र योजना केल्या आहेत, परंतु देशभरचा हक्क म्हणून ती रजा अद्याप नाही. परिणामी गोदामात वा उपाहारगृहात उभ्याने राबणारी आई बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच कामावर परतते. तिने शेपूट केव्हा शिवावे? तिला खोक्यातला पोशाखच परवडतो, कारण तिच्यापाशी तेवढा तरी पैसा असतो, वेळ मुळीच नसतो. अशा आईने तयार पोशाख आणला म्हणून तिला नावे ठेवणारा माणूस बाजाराचा नव्हे, तर तिचाच शत्रू ठरतो.

शिवाय घरी करण्याच्या या आदर्शात आणखी एक खोच आहे. ‘आईने स्वतः शिवले’ या वाक्यातले कौतुक पाहता पाहता अपेक्षेत बदलते आणि नोकरी, स्वयंपाक, पाळणा यांच्या जोडीला सोंगाची जबाबदारीही स्त्रीच्याच माथी येते. म्हणून मला पातेल्यातल्या शेवंडाचा बाप अधिक मोलाचा वाटतो. तान्हे छातीशी बांधून तो गल्लीत हिंडतो यात काही पराक्रम नाही. पण आपल्या चळवळीतील किती पुरुष कार्यकर्त्यांनी मुलाच्या झबल्याला एक टाका घातला आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा. प्रस्तुत लेखकाचे उत्तर अभिमानास्पद नाही.

आणि आपल्या मातीत काय स्थिती आहे? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. कागदावर आपण अमेरिकेच्या कितीतरी पुढे आहोत. परंतु ही रजा लाभते ती हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रीला. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जाणाऱ्या कोयत्यावरच्या बाईला ना हजेरीपट, ना रजा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. खाडा झाला तर दंड. तिचेही मूल झोळीतच असते. फडाच्या कडेला बांधलेली ती झोळी कोणत्याही सोंगाची नाही.

या दोन झोळ्यांमधील अंतर हाच आपल्या राजकारणाचा विषय असला पाहिजे. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी रॉबर्ट ओवेनने मांडली आणि १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी तिच्यासाठी रक्त सांडले. शेवटचे आठ तास कशासाठी, हे त्या मागणीत मुद्दामच मोकळे सोडलेले आहे. वाचनासाठी, सभेसाठी, आणि मुलासाठी कापडाचे कान शिवण्यासाठीसुद्धा. कामगाराच्या मोकळ्या वेळाचा उपयोग गंभीरच असावा, असा आग्रह धरणारे आपण कोण?

त्या ज्येष्ठ साथींना म्हणूनच माझे नम्रतापूर्वक सांगणे आहे की, चाळे पोट भरलेल्यांचे आहेत ही तक्रार आपण करू नये. ते चाळे करण्याइतके पोट आणि तेवढी सवड फडावरच्या बाईला का नाही, ही तक्रार करावी. ऊसतोडणी कामगार स्त्रीला पगारी बाळंतरजा आणि फडाजवळ पाळणाघर या दोन मागण्या येत्या गळीत हंगामापूर्वी प्रत्येक तालुका शाखेने कारखान्यांच्या दारात नेल्या पाहिजेत. छायाचित्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. मोर्च्याच्या पत्रकाचा मसुदा लिहिताना ते समोर असावे, असे मला वाटते.