दगडांचा नाद

आमच्या गल्लीतल्या एका गच्चीवर गेल्या पावसाळ्यापासून रात्रंदिवस घरघर चालू आहे. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विजेच्या मोटरीवर फिरणारे रबराचे लहानसे पिंप आणले आहे. त्यात गोटे, भरड पूड आणि पाणी घालून तो महिना-महिना वाट पाहतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी दोन. पहिली आवाजाची, ती खरी आहे. दुसरी अधिक जोरात मांडली जाते ती अशी की, शिकल्या-सवरल्या घरच्या मुलाने दगड घासत बसावे हे काय?

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून छंदांची यादी पिढ्यान् पिढ्या ठरून गेलेली आहे. गाणे असावे, नाटक असावे, वाचन असावे, आणि अंगात रग असेल तर प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा होताच. या यादीत दगडांना जागा नाही. माझे म्हणणे असे की, जागा होती. आपण ती विसरलो.

ज्यांच्या घरी पंचायतन आहे त्यांनी देव्हाऱ्यात नीट पाहावे. विष्णू म्हणून गंडकीचा शाळिग्राम, शिव म्हणून नर्मदेतला बाण, गणपती म्हणून शोणभद्राचा तांबडा पाषाण, सूर्य म्हणून स्फटिक आणि देवी म्हणून सुवर्णमुखीचा दगड. ज्या पूर्वजांनी एकेका देवतेला एकेका नदीचा दगड नेमून दिला त्यांना दगडांतला फरक कळत होता, आणि दगड कोठून आला याची आठवण ठेवणे महत्त्वाचे वाटत होते. गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला गेलेली मंडळी येताना नर्मदेतले दोन-चार गोटे पदरात बांधून आणीत. त्यांतला एखादा अजून आमच्या घरी लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून आहे. तो ओला केला की आत पिवळसर पट्टे दिसतात. लहानपणी मला वाटे, कुणीतरी ते रंगवले असावेत.

ते कुणी रंगवले, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असावयास हरकत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. निवता निवता त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ त्या खडकातून पाणी झिरपत राहिले आणि त्यात विरघळलेली सिलिका पोकळीच्या भिंतीवर थराथराने बसत गेली. तोच अकीक. लोह मिसळले की तांबूस किंवा पिवळा रंग येतो. मँगॅनीज आणि लोहाची ऑक्साइडे भेगांतून पसरली की झाडाची, शेवाळाची हुबेहूब नक्षी उमटते. तीत वनस्पतीचा अंशही नसतो. काळा कातळ झिजून गेला, पण आतला अकीक कठीण म्हणून टिकला आणि नद्यांनी तो खाली वाहून आणला. नर्मदेपलीकडे झगडिया तालुक्यात, जुन्या राजपिपळा संस्थानाच्या मुलखात, रतनपूरला गोट्यांचे असे थर खड्डे खणून उकरतात. तेथेच टेकडीवर बाबा घोर या हबशी पिराचा दर्गा आहे. अकिकाचे कारागीर त्यांना आपल्या धंद्याचा आश्रयदाता मानतात.

तेथून दगड जातो खंभातला. आपल्या शहरापासून खंभात सुमारे ऐंशी किलोमीटर, पण आपल्यापैकी किती जण तेथे गेले आहेत? जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवून, वेताएवढ्या लवचिक काठीला बसवलेल्या म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने तो हलके हलके छिलतात. फिकट दगड उन्हात वाळवून, मडक्यांत भरून मंद आचेवर भाजला की आतल्या लोहामुळे तो लाल होतो. लोथल येथे १९५५ पासून जे उत्खनन झाले त्यात मणी घडवण्याची जागा आणि भट्टी सापडली, म्हणजे हा व्यवसाय चार हजार वर्षांहून जुना. आपल्याच विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ कुलदीप भान यांनी केनॉयर आणि विदाले या परदेशी सहकाऱ्यांबरोबर खंभातच्या कारागिरांच्या शेजारी बसून त्यांची रीत टिपून घेतली; १९९१ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. सिंधू संस्कृतीचे मणी समजून घ्यायचे तर जिवंत कारागिराला विचारले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आणि गच्चीवरचे ते पिंप? तेही खंभातला नवे नाही. मणी कातडी पिशवीत कुरुंदाच्या पुडीसह पाणी घालून भरावयाचे आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ती पिशवी दहा-पंधरा दिवस इकडून तिकडे ओढावयाची, अशी तेथली जुनी रीत होती. मोटरीने त्या दोन माणसांची सुटका केली, एवढेच. उद्या शेजाऱ्यांनी पुन्हा तक्रार केली तर मुलाने हे अवश्य सांगावे.

या छंदाला हलके समजणाऱ्यांनी तो एकदा करून पाहावा. पिंप दोन-तृतीयांश भरले नाही तर दगड एकमेकांवर आपटून फुटतात. अकिकाबरोबर संगमरवराचा तुकडा घातला तर अकीक तसाच राहतो आणि संगमरवराचा चिखल होतो, कारण एकाचा कठीणपणा ७ तर दुसऱ्याचा ३. आधी भरड पूड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी चकाकीची. प्रत्येकीला साधारण आठवडा. दोन पुडींच्या मध्ये दगड आणि पिंप मनापासून धुतले नाही आणि भरड पुडीचा एक कण मागे राहिला तर शेवटच्या आठवड्यात सगळ्यांवर ओरखडे. घाई करणाऱ्याला हा दगड काही देत नाही. कापणे त्याहून अवघड. कोणत्या बाजूने पाते घालावे यावर पट्टे वर्तुळे होऊन दिसणार की नुसत्या रेघा, हे ठरते. गोटा ओला करून दोन दिवस उलटसुलट पाहावा आणि मग हात घालावा.

पण ज्या गोष्टीसाठी मी लेखणी उचलली ती वेगळी आहे. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. त्याची कोरडी धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात गेली की तेथेच बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर उतारा नाही. पुढे क्षयही सहज जडतो. खंभातच्या घासणाऱ्यांत हा रोग किती पसरला आहे याचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केलेला आहे. यंत्र घराच्या पडवीत असते, म्हणून धूळ बायका-मुलांच्याही छातीत जाते. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसला नोंदवण्याजोग्या रोगांच्या यादीत घातले खरे. पण पडवी म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून तो कायदा तेथवर पोचला नाही. आपण देवळाबाहेर चाळीस रुपयांची माळ तीस रुपयांना मागतो तेव्हा त्या दहा रुपयांत कुणाचा श्वास जातो, हे आपल्याला दिसत नाही.

ज्याने स्वतः एक दगड पाच आठवडे घासला आहे तो मात्र तशी घासाघीस करणार नाही. मला या मुलाचा छंद आवडतो तो यासाठी. बैठकीत मांडायला गडद निळ्या-गुलाबी अकिकाच्या चकत्या मिळतात. त्यांतल्या पुष्कळशा ब्राझीलच्या दगडाच्या असतात आणि तो रंग मागाहून मुरवलेला असतो. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या कारागिरांनी ही विद्या एकोणिसाव्या शतकातच साधली होती. त्या चकत्या घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण आपल्या मुलाने चाळलेल्या रेतीतून उचललेला बोराएवढा तांबूस गोटा त्यांच्या शेजारी ठेवून पाहा.

म्हणून माझ्या अटी थोड्याच. दगड कापायचा तो पाण्याच्या धारेखालीच. फरशी कापणाऱ्या यंत्राने गच्चीवर कोरडा दगड कापताना मी एका सद्गृहस्थांना पाहिले आहे, नाकाला रुमाल बांधलेला आणि शेजारी नातवंडे खेळताहेत. साध्या रुमालाने ही धूळ अडत नाही. पावागडावरून दगड आणू नये. त्याच्या माथ्याकडे काळ्या कातळावर फिकट रायोलाइट आहे, मोह होतो. पण चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा आहे, आणि त्याआधीपासून देवीचा आहे. सापडलेल्या दगडाबरोबर गावाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी, नाहीतर दहा वर्षांनी तो नुसता गोटा उरतो.

सयाजीबागेतल्या संग्रहालयात खडक-खनिजे आहेत, विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग आहे. महिन्यातून एका रविवारी कुणी जाणकार तेथे बसला आणि मुलांनी खिशातले दगड त्याच्यापुढे ओतले, तर खर्च कितीसा येईल? त्याच टेबलाशी खंभातच्या एखाद्या कारागिराला योग्य मानधन देऊन बोलवावे, आणि ते मानधन ठरवताना त्याला विचारावे.

राहिली आवाजाची तक्रार. त्या मुलाच्या आईला मी सुचवले आहे की पिंपाखाली जुनी गोधडी घालावी, आणि पिंपातला गाळ मोरीत ओतू नये. तो सिमेंटसारखा बसतो. हे दुसरे मला त्यांच्या नळजोडणीवाल्याने सांगितले, दोनदा येऊन गेल्यावर. आता गाळ बादलीत निवू देतात, वरचे पाणी काढतात आणि खालचा राहिलेला ओलाच पिशवीत बांधतात, वाळून उडू नये म्हणून.