आधी हजेरीपट उघडा, मग माणसं हलवा



जूनमधली शाळेची पहिली बैठक आठवून बघा. कोणाला कोणता वर्ग द्यायचा, हे किती वेळात ठरतं? "नवीन आलेत ना, त्यांना पहिली द्या." "यांचा आवाज खणखणीत आहे, यांना चौथी." चहा येईपर्यंत वर्गवाटप झालेलं असतं! आपला निफाडचा द्राक्ष बागायतदार असं करत नाही. खत टाकण्याआधी तो माती आणि देठ तपासून घेतो, माल तोडण्याआधी गोडी मोजतो. मग माणसांचे निर्णय आपण अंदाजाने का घ्यायचे?

नोंदी बघून निर्णय घेता येतात, हे आपण बदल्यांत अनुभवलं आहे. पूर्वी बदल्यांचा विषय निघाला की वशिल्याचीच चर्चा व्हायची. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या. सेवेची वर्षं, अवघड क्षेत्र, गंभीर आजार, पती-पत्नी एकत्रीकरण यावर क्रम लागू लागला. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर वर्षं काढलेल्या शिक्षकाला सपाटीवरची शाळा मागण्याचा हक्क मिळाला. तक्रारी झाल्या, 7 एप्रिल 2021 ला सुधारित धोरणही आलं. तरी "हा निर्णय कशावरून?" असं विचारता येऊ लागलं, ही मोठी गोष्ट आहे.

पण या नोंदी शिक्षकाची सेवा मोजतात. वर्गातल्या मुलांना काय हवंय, हे त्यातून कळत नाही. ते शाळेनेच बघायचं असतं.

मी पूर्वी ज्या शाळेत होते, तिथली गोष्ट सांगते. दुसरीची बरीच मुलं वाचनात मागे होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं, बाईंचंच लक्ष नाही, वर्ग बदला. मीही मान डोलावली. वर्ग बदलला, पुढच्या चाचणीत फरक शून्य. मग हजेरीपट काढला. मागे पडलेली बहुतेक मुलं द्राक्षबागेच्या कामासाठी आलेल्या मजुरांची होती. दिवाळीनंतर दाखल, मध्येच गैरहजर, हंगाम संपला की परत गावी. बाईंचा दोष नव्हताच. गरज होती ती त्या मुलांसाठी रोज एक वेगळा तास ठेवण्याची. हजेरीपट कपाटातच होता, आम्ही उघडला नव्हता. बाईंची मात्र गावभर नालस्ती झाली. याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्ही म्हणाल, आधीच माहिती भरून भरून जीव मेटाकुटीला आलाय, त्यात हे आणखी कशाला? बरोबर आहे. म्हणूनच नवा तक्ता नको. यू-डायस, सरल, चाचण्यांचे गुण सगळं आपण वर पाठवतो, पण शाळेत बसून वाचत नाही. ते एकदा वाचू या, एवढंच म्हणणं आहे.

आणि पुरावा म्हणजे फक्त आकडे नव्हेत. त्या वर्गाला आधी शिकवलेल्या शिक्षकाचा अनुभव, पालकांचं म्हणणं, ज्याला वर्ग द्यायचा त्याची स्वतःची बाजू, हेही पुरावेच. आकड्यांचा वापर शिक्षकाला झोडपायला केला, तर तपासणीच्या दिवशी शाळेतलं प्रत्येक मूल कागदावर घडाघडा वाचताना दिसेल!

मुख्याध्यापकांना विनंती, वर्गवाटपाआधी तीन गोष्टी विचारा: आपल्याला नक्की अडचण काय दिसते? ती कशावरून दिसते? आणि बदल केल्यावर तो लागू पडला की नाही, हे कधी बघायचं? दिवाळीच्या सुट्टीआधीची एक तारीख वहीत लिहून ठेवा. पहिलीचा वर्ग तर सगळ्यात विचार करून द्या, कारण पाया तिथे पडतो.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही बसता. "बाई बदला" म्हणण्याआधी "हजेरी दाखवा" म्हणा. कदाचित उत्तर वर्गात नसेल, बागेच्या बांधावर असेल.