उचल घेण्याआधी

दिवाळी आटोपली की सातपुड्यातून ट्रक सुटतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवरची माणसे ऊसतोडीला गुजरातेत निघतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन संपलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. साहजिकच लग्नेही लवकर उरकतात. ही सोळा-सतरा वर्षांची पोरे एचआयव्हीविषयी, गर्भनिरोधाविषयी काय ऐकून ट्रकमध्ये चढतात?

शाळेत ऐकतात म्हणावे, तर २००७ साली विधिमंडळात संस्कृती बुडाल्याची हाकाटी झाली आणि शासनाने शाळांतले लैंगिक शिक्षणच थांबवले. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले ते १९२७ साली! शहरातली मुले निदान चोरून काही वाचतात. आश्रमशाळेतल्या मुलीला विचारायचे तर कोणाला?

२०१४ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. किशोरांसाठी ‘मैत्री’ क्लिनिके निघाली. नाव गोड आहे. पण २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठराच्या आतला संबंध, संमती असली तरी, गुन्हा ठरतो आणि तो कळला की पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. अत्याचार करणाऱ्यांसाठी हा कायदा हवाच. मात्र सतरा वर्षांच्या गरोदर मुलीला दवाखान्याच्या दारात नवऱ्याची कोठडी दिसणार असेल, तर ती तपासणीला येईल कशाला? आणि ती आली नाही, तर वेळेवर औषध दिल्याने जी लागण बहुधा टळते, ती बाळापर्यंत पोचायला मोकळीच.

बँकेत रुजू होताना आमच्याकडून गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र लिहून घेत. कोणाच्या खात्यात किती, हे शेजाऱ्याला कळता कामा नये. पैशाला एवढी अदब, मग देहाला का नाही?

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव, तिने व पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना न सांगण्याची मुभा डॉक्टरांना दिली. हीच मुभा संमतीच्या संबंधांपुरती एचआयव्ही तपासणीला आणि प्रसूतिपूर्व उपचारांनाही स्पष्ट शब्दांत मिळाली पाहिजे.

शाळांचे काम त्याहून सोपे. आठवीपासून, भिलीत आणि पावरीत, मुलींना बाईंनी व मुलांना सरांनी, निरोधासकट सगळे सांगावे. आणि हे जून-जुलैतच. दिवाळीच्या सुट्टीला गेलेली सगळी मुले वर्गात परतत नाहीत.