‘सलाड खावे’ एवढे लिहून भागत नाही

पथ्यपत्रकावर ‘जेवणापूर्वी सलाड’ असे लिहून मोकळे होण्याची सवय आम्हांलाही जडली होती. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा एक रुग्ण पोट फुगणे व घशाशी आंबट येणे अशी तक्रार घेऊन बोईसरच्या आमच्या चिकित्सालयात परतला, तेव्हा ती मोडली. स्थौल्यासाठी दिलेला सल्ला त्याने निष्ठेने पाळला होता. मध्यरात्रीनंतर डबाभर कच्चा कोबी, आणि त्यावर औषधाच्या दुकानातूनच आणलेले बाटलीतील पांढरे, घट्ट ड्रेसिंग! भाजी कशाशी व केव्हा खावी, हे आम्ही सांगितलेच नव्हते.

कच्ची भाजी रूक्ष व शीत. मंदाग्नीच्या रुग्णास ती वातकर ठरते. चरकसंहितेने जून मुळ्यास त्रिदोषकर म्हटले आहे, परंतु तोच स्नेहात शिजविला असता वातहर सांगितला आहे. जेवणाआरंभी आले व सैंधव घेण्याचा भावप्रकाशाचा उपदेश तर आपणा सर्वांस पाठ आहे. गाजरातील कॅरोटिनचे शोषण स्नेहाविना नीट होत नाही, हे आधुनिक आहारशास्त्रही सांगते. मग ड्रेसिंग परके कसे? कोशिंबिरीसाठी मोहरी फेसणारी आपली आजी दुसरे काय करीत होती?

दोघांपुरती कृती अशी. पाव चमचा मोहरीची पूड दोन चमचे गार पाण्यात फेसून दहा मिनिटे ठेवावी. लिंबू आरंभीच पिळू नये. आंबटामुळे मोहरीचा झणका चढत नाही. नंतर एक चमचा लिंबूरस, अर्धा चमचा आल्याचा रस व चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. शेवटी दोन चमचे तेल थेंबथेंब सोडत घोटावे. मोहरीमुळे तेल व रस काही काळ एकजीव राहतात. जव्हार-मोखाड्याकडचे घाणीचे खुरासणी तेल मिळाल्यास उत्तम. चमचे चहाचे घ्यावेत. एवढ्या तेलात सुमारे ९० कॅलरी असतात, हे स्थूल रुग्णास सांगावेच. मीठ पानात वाढताना घालावे, अन्यथा काकडीस पाणी सुटते. पित्तप्रकृतीस मोहरी वगळावी. दही घालणे असेल तर दुपारीच. रात्री दही निषिद्ध.

येथे एक अप्रिय गोष्ट. रक्तदाबाच्या रुग्णास ‘सैंधव कितीही चालेल’ असे आपल्यापैकी काही जण सांगतात. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, आणि बहुधा त्यात आयोडीन मिसळलेले नसते. आमच्या मते हा सल्ला सरळसरळ घातक आहे.

औषधविक्रेत्या बंधूंकडे आमचे मागणे थोडके आहे. बाटलीवर घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. साखर वा मीठ त्या यादीत कितव्या स्थानी आहे, हे मधुमेही ग्राहकास विक्रीपूर्वी दाखवावे. एक बाटली कमी खपेल, हे आम्ही जाणतो. पण तोच ग्राहक उद्या आपल्याच दुकानी चूर्ण न्यावयास येतो, आणि त्याची तक्रार आमच्याकडे.

आमच्या पत्रकाच्या पाठीवर आता ही कृती छापलेली असते. रात्रपाळीच्या रुग्णास सलाडची वेळ कामावर निघण्यापूर्वीची लिहून देतो, आणि आषाढ-श्रावणात ‘कच्ची पालेभाजी’ या शब्दांवर स्वहस्ते काट मारतो.