टी-स्कोअरची तुलना कोणाशी?

ऑस्टिओपोरोसिसचे निदान बहुधा एका आकड्यावर होते. डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडे ठिसूळ ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ही रेषा आखली. ती उपयुक्तच आहे. परंतु भारतात तिला मिळालेले निर्णायक स्थान तपासून पाहण्याजोगे आहे.

टी-स्कोअर ही हाडाची घनता नव्हे, तुलना आहे. खुब्यासाठी प्रचलित आंतरराष्ट्रीय मानदंड अमेरिकेतील २० ते २९ वयोगटातील श्वेतवर्णीय स्त्रियांचा आहे. शिवाय डेक्सा हाडातील खनिजाला घनफळाने नव्हे, क्षेत्रफळाने भागते. एकाच द्रव्याचे दोन घन घ्यावेत: एकाची बाजू १ सेंटिमीटर व वजन १ ग्रॅम, दुसऱ्याची बाजू २ सेंटिमीटर व वजन ८ ग्रॅम. खरी घनता समान. तरी डेक्साच्या हिशेबाने पहिल्याची १, तर दुसऱ्याची २. लहान चणीच्या स्त्रीचे हाड असे कागदावर अधिक विरळ दिसते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१० मध्ये भारतीयांसाठी संदर्भमूल्ये प्रसिद्ध केली. संदर्भ बदलला की त्याच हाडाचे निदानही बदलू शकते. म्हणून अहवालात तुलना कोणाशी केली, हे आधी पाहावे. (मोफत शिबिरांत टाचेच्या अल्ट्रासाउंडवरून मिळणाऱ्या आकड्याला तर १९९४ची रेषा लागूच होत नाही.) ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने हाडे मऊ पडली तरीही डेक्सावर घनता कमीच दिसते, त्या विकाराचा उपचार मात्र निराळा.

तथापि केवळ सोयीचा मानदंड निवडून प्रश्न सुटत नाही. बारीक हाड भाराखाली खरोखरच लवकर मोडते, आणि अस्थिभंग होणाऱ्या अनेकांचा टी-स्कोअर उणे २.५ च्या वरच असतो. उभ्या जागी पडून खुबा मोडला, तर टी-स्कोअर काहीही असो, ऑस्टिओपोरोसिसचे निदान करता येते. मणक्याचा अस्थिभंग तर पुष्कळदा कळतही नाही. उंची घटते, पाठ वाकते आणि घरचे म्हणतात, वय झाले. एक साधा क्ष-किरण तिथे पुरेसा ठरला असता.

खुब्याची शस्त्रक्रिया होते, रुग्ण घरी जातो, आणि इतक्या किरकोळ पडण्याने हाड का मोडले हे बहुधा कोणी विचारीत नाही. दुसरा अस्थिभंग होण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो. डिस्चार्ज कार्डावर पुढील तपासणी व औषध यांची नोंद सक्तीची करावी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.